शाळेतल्या भौतिकशास्त्रावर पृथ्वी ते मंगळ प्रवासाचं सिम्युलेशन करता येईल का? माझं यान मंगळावर पोचतच नाही!

येईल की. न्यूटनच्या पुढे काहीच लागणार नाही.

तुम्ही लिहिलंय की यानाचं तोंड मंगळाकडे करून जोर लावला, तरी ते भलतीकडेच जातं. जाणारच! पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 29.8 किमी वेगाने धावते आणि यान सुटतं तेव्हा तो वेग त्याच्या अंगात असतोच. त्यापुढे तुमचे दोन-तीन किमी म्हणजे किरकोळ भर. ही भर मंगळाच्या रोखाने न घालता पृथ्वी जिकडे चालली आहे तिकडेच घाला. सेकंदाला 2.9 किमी वाढवलेत की यानाची कक्षा लंबवर्तुळाकार होते आणि तिचं लांबचं टोक मंगळाच्या कक्षेला जाऊन टेकतं. वाल्टर होमान या जर्मन अभियंत्याने 1925 मध्ये हा मार्ग मांडला. प्रवास सुमारे 259 दिवसांचा, आणि तेवढा सगळा वेळ इंजिन बंद.

अर्थात यान टेकेल तेव्हा मंगळही तिथे हवा. 259 दिवसांत तो जेमतेम 136 अंश सरकतो, यान मात्र 180 अंश फिरून येतं. म्हणून निघताना मंगळ पृथ्वीच्या 44 अंश पुढे ठेवा. प्रत्यक्षात असा योग साधारण 26 महिन्यांनी एकदा येतो.

आता कोड. यान आणि मंगळ तूर्त बाजूला ठेवा, नुसती पृथ्वी सूर्याभोवती फिरवून बघा. अंतर खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर म्हणजे एक एकक) आणि वेळ दिवसांत घ्या, म्हणजे सूर्याचा जीएम (गुरुत्व स्थिरांक गुणिले सूर्याचं वस्तुमान) 0.000296 येतो आणि विसाव्या घाताच्या आकड्यांशी झटापट करावी लागत नाही. वेळ छोट्या-छोट्या पायऱ्यांनी पुढे न्या. दर पायरीला सूर्यापासूनचं अंतर काढा, जीएमला त्याच्या वर्गाने भागून त्वरण काढा, मग वेग आणि स्थान बदला.

बहुतेकांची गाडी अडते ती इथे. आधी जुन्या वेगाने स्थान हलवायचं आणि नंतर जुन्याच त्वरणाने वेग बदलायचा, ही ऑयलरची सरळ पद्धत. तिच्यात प्रत्येक पायरीला थोडी फुकटची ऊर्जा घुसते. एक-एक दिवसाची पायरी घेतलीत तर वर्षाअखेरीस पृथ्वी दोन कोटी किमीपेक्षा जास्त बाहेर सरकलेली असते! उपाय अगदी सोपा आहे: आधी वेग बदला आणि त्या नव्या वेगाने स्थान हलवा. दोन ओळींची अदलाबदल, बस्स. एवढ्याने कक्षा वर्षानुवर्षं जागेवर राहते. दर पायरीला एकूण ऊर्जा छापत चला. ती एकाच दिशेने वाढत गेली तर समजा, कुठेतरी पाणी मुरतंय.

मग यान आणि मंगळ आणा, पण दोन्ही ग्रहांचं गुरुत्वाकर्षण सुरुवातीला घालूच नका. पृथ्वीचं घातलंत आणि यान तिच्या केंद्रातूनच सोडलंत तर पहिल्याच पायरीला शून्याने भागाकार होईल. मंगळाजवळचा घोटाळा त्याहून फसवा. तिथे यान आणि मंगळ यांच्या वेगात सेकंदाला 2.65 किमी फरक असतो, म्हणजे एका दिवसाच्या पायरीत सव्वादोन लाख किमीची उडी. मंगळाचा व्यास आहे 6,800 किमीच्या आसपास. यान त्याच्यावरून उडी मारून जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. किंवा एखादी पायरी नेमकी केंद्राजवळ पडली तर अफाट त्वरण मिळून ते पार सूर्यमालेबाहेर भिरकावलं जाईल. ग्रहाजवळ पायरी मिनिटभराची किंवा त्याहून लहान करा.

एवढं जमलं की वर्तुळं सोडा. मंगळाची कक्षा चांगलीच लांबट आहे आणि पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी 1.85 अंश कललेली आहे. मंगळयान 1 डिसेंबर 2013 ला पृथ्वीची कक्षा सोडून 24 सप्टेंबर 2014 ला पोचलं, म्हणजे त्याला 259 नव्हे तर जवळजवळ 300 दिवस लागले. ग्रहांची खरी स्थानं नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या होरायझन्स नावाच्या ऑनलाइन सेवेवर फुकट मिळतात. ती घातलीत की 44 अंशांचा आकडाही हलेल. मग निघायची तारीख आणि वेग थोडे-थोडे मागेपुढे करत, मंगळापासूनचं अंतर कधी सर्वांत कमी येतं ते प्रोग्रामलाच शोधायला लावा.