आंबोलीत रात्री दिसलेला छोटा तपकिरी साप कोणता?

वर्णनावरून हा मलबार चापडा (पिट व्हायपर) वाटतो, मांजऱ्या साप (कॅट स्नेक) नव्हे. डोळ्याची बाहुली दोघांचीही उभी असते, त्यामुळे तिच्यावरून ठरवू नका. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खोल खळगा दिसतो का, ते फोटो मोठा करून बघा. हा उष्णता टिपणारा खळगा फक्त चापड्याला असतो. शिवाय त्याच्या डोक्यावर बारीक खवले असतात, मांजऱ्याच्या डोक्यावर मोठे, सपाट. रंगावर तर अजिबात जाऊ नका, मलबार चापडा हिरवा, पिवळा, तपकिरी कसाही असतो! ओढ्याकाठच्या झुडपावर बेडकाची वाट पाहत तो तासन्‌तास हलत नाही, म्हणून फांदीला हात लावण्याआधी टॉर्च मारा. विषारी आहे, आणि आपल्याकडचं प्रतिविष (सर्पदंशावरचं औषध) नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्याच विषापासून बनतं, त्यामुळे चापड्याच्या दंशावर त्याच्या भरवशावर राहू नका.