वाचकांचे प्रश्न: गोठ्यातली राजदूत आणि मेस्त्रीची कानस

प्रश्न: काका, बाबांची 1984 ची राजदूत 350, हाय टॉर्कवाली, अकरा वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली होती. आता मी काढलीय. बाबा म्हणतात करायचीच तर शोलावरमला पळायच्या तशी कर, शोभेची नको. एक्स्पान्शन चेंबरची (रेसच्या फुगीर सायलेन्सरची) जोडी मिळालीय, 34 मिमीचे मिकुनी कार्बोरेटर मिळालेत, क्लिप-ऑन हँडल आणि फायबरची रेसिंग टाकी पण आहे. मेस्त्री म्हणतोय सिलिंडरचा ब्लॉक सोडून जा, दोन दिवसांत पोर्टला, म्हणजे सिलिंडरमधल्या वायूच्या भोकांना, कानस मारून देतो. देऊ का? (कोल्हापूर)

उत्तर: नको रे बाबा! ब्लॉक आधी घरी आण, उशाला घेऊन झोप पाहिजे तर, पण मेस्त्रीकडे ठेवू नकोस. कानशीनं काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही आणि या गाडीचे चांगले ब्लॉक आता मागून मिळत नाहीत.

आधी थोडं मागचं सांगतो म्हणजे मेस्त्रीला एवढी घाई का ते कळेल. यामाहाची मूळ आरडी 350 जपानमध्ये 1973 ला आली, 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, 39 हॉर्सपॉवर. आपल्याकडे एस्कॉर्ट्सनी 1983 पासून तीच गाडी राजदूत नावानं काढली पण मायलेजसाठी तिचा गळा आवळला, पोर्ट आणि सायलेन्सर दोन्हीकडून, म्हणून हाय टॉर्क साडेतीस हॉर्सपॉवरची झाली आणि नंतरची लो टॉर्क तर 27 चीच. म्हणजे वरचे आठ-नऊ घोडे आत बांधून ठेवलेत हे सगळ्यांना माहिती, आणि प्रत्येक मेस्त्रीला ते आपणच सोडवावेत असं वाटतं. शोलावरमला, म्हणजे मद्रासच्या बाहेर दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या रेसेस व्हायच्या तिथं, या गाड्या पोर्टिंग करूनच, म्हणजे ही भोकं घासून मोठी करूनच, पळायच्या. खोटं नाही ते. पण त्या पोरांकडे ब्लॉक शोरूममध्ये मिळत होते, तुझ्याकडे एकच जोडी आहे.

आता तुझे चेंबर. आतनं ते काय करतात ते एकदा नीट समजून घे, मग अर्धे प्रश्न आपोआप सुटतील. तुझी गाडी टू-स्ट्रोक, तिच्या एक्झॉस्टला व्हॉल्व्ह नाही, नुसतं भोक आहे, पिस्टन खाली गेला की उघडतं, वर आला की बंद. जळका वायू धाडकन बाहेर पडतो आणि त्याची लाट पाइपातनं पुढे जाते. पाइप रुंद होत जातो तिथनं ती उलटी ओढ लावते, सिलिंडरमधला उरलेला धूर बाहेर खेचते, त्याच्यामागं ताजं पेट्रोल पण थोडं पाइपात येतं. मग पुढचा अरुंद होत जाणारा कोन लाटेला धक्का देऊन परत पाठवतो आणि ते बाहेर आलेलं पेट्रोल भोक बंद व्हायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकललं जातं. फुकटचा सुपरचार्जर! पूर्व जर्मनीत एमझेडच्या वाल्टर काडेननी 1950 च्या दशकात हे जमवलं आणि त्यांचा रेसर एर्न्स्ट डेगनर 1961 मध्ये पळून सुझुकीकडे गेला तेव्हा ही विद्यापण त्याच्याबरोबर जपानला गेली.

आता हिशोब कर. 7500 आरपीएमला एक फेरा आठ मिलिसेकंदांत होतो. एक्झॉस्ट अर्धा फेरा उघडं धरलं तर चार मिलिसेकंद. गरम वायूत लाट सेकंदाला साधारण 500 मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात दोन मीटर, जाऊन येऊन, म्हणजे एका बाजूला जेमतेम मीटरभर. म्हणून पाइपाची लांबी आणि पोर्टची उंची हे नवरा-बायको आहेत, एकाला बदललं की दुसऱ्याशी भांडण. तुझे चेंबर कुठल्या पोर्टिंगसाठी बनवलेत ते तुला माहिती नाही, देणाऱ्यालापण नसेल. जुने आहेत म्हणून बरोबर आहेत असं नसतं. आधी स्टॉक ब्लॉकवर लावून बघ, कुठल्या आरपीएमला अंगात येते ते लिहून ठेव. 34 चे कार्बोरेटर मात्र कपाटात ठेव. गाडीला मूळचे 28 चे असतात, न उघडलेल्या पोर्टवर 34 लावले तर हवेचा वेग मरतो आणि खालच्या आरपीएमला गाडी नुसती घसा खाकरत बसते.

सुरुवात क्रँकपासून. अकरा वर्षांत क्रँकच्या टोकांचे रबरी सील दगड झाले असणार. टू-स्ट्रोकचं पेट्रोल क्रँककेसमधनं जातं म्हणून सील गळलं की उजवीकडनं, क्लचच्या बाजूनं, गिअरचं तेल ओढलं जातं आणि पांढरा धूर येतो, ते तरी दिसतं. डावीकडचं, पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीचा स्विच असतो त्या बाजूचं गळलं तर हवा ओढली जाते, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी आधी झकास पळते आणि मग पिस्टन खाते. माझीच गोष्ट सांगतो. तरुणपणी अशीच एक बांधली, सीलला हात लावला नाही, चकाकत होती ना. ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली यायला वेळ लावत होती आणि मी आडमुठा, आयडलचा स्क्रू फिरवत बसलो. हायवेवर डावं सिलिंडर जाम, मागचं चाक लॉक, क्लच हाताखाली होता म्हणून आज हा कॉलम लिहितोय. त्यामुळं इंजिन बांधून झालं की कार्बोरेटरची आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद कर, सायकलच्या पंपानं हळूच 6 पीएसआय हवा भर, गेज लाव आणि सगळीकडे साबणाचं पाणी मार. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर बुडबुडे शोध. पाचशे रुपयांचं सामान आहे हे, करत कुणीच नाही.

ब्लॉकचं बोअरिंग तुमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कर पण पिस्टन हातात आल्यावरच, ओव्हरसाइजचा आकडा सांगून नाही, आणि शक्यतो पहिल्या 0.25 मिमीवरच भागव म्हणजे पुढच्या तीन साइज शिल्लक राहतील. ठिणगीचं टायमिंग पिस्टन पार वर यायच्या 2 मिमी आधी, प्लगच्या भोकात डायल गेज घालून, दोन्ही सिलिंडरचं वेगवेगळं. नजरेनं नाही.

आणि ती फायबरची टाकी भिंतीवर लाव, छान दिसेल. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुनं रेझिन त्यात मऊ पडतं आणि तो चिकटा जाऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, बसतो. इथेनॉलमुळं मिक्श्चरपण लीनकडे जातं, तेव्हा मेन जेट मोठ्यापासून सुरू करून खाली ये, उलटं नाही.

प्रश्न: सर, जुन्या रेसच्या गाड्यांना तो एरंडेलाचा वास यायचा, तसा यावा म्हणून ऑइल पंपात एरंडेल घातलं तर? (पुणे)

उत्तर: पंपात नको. थंडीत घट्ट होतं, पेट्रोलमध्ये धड मिसळत नाही, रिंगवर डिंक धरतं आणि साध्या मिनरल तेलात मिसळलं तर गुठळ्या. रेसवाले ते टाकीत ढवळून घालायचे आणि इंजिन सारखं उघडायचे, तुम्ही उघडणार आहात का? वासासाठी एवढं एरंडाचं गुऱ्हाळ कशाला.

प्रश्न: राजदूतचा पुढचा ड्रम काढून डिस्क बसवावी का? सगळे म्हणतात ब्रेकच लागत नाही. (नाशिक)

उत्तर: मूळ जपानी गाडीला डिस्क होती हे खरं, आपल्याकडे ड्रम दिला हेही खरं, पण तो ट्विन लीडिंग शू आहे, म्हणजे दोन्ही शू चाकाच्या फिरण्यानंच ड्रमवर आणखी दाबले जातात, नीट बसवला तर दोन बोटांत लागतो. होतं काय, शू ढकलणाऱ्या दोन कॅमना जोडणारी दांडी कुणीतरी अंदाजानं लावलेली असते आणि एकच शू काम करतो. दांडी सोडवा, दोन्ही कॅम हातानं फिरवून दोन्ही शू ड्रमला टेकवा, त्याच स्थितीत दांडीची लांबी जुळवून परत लावा. नवीन लायनर टाकलं असेल तर शू प्लेटवर ठेवूनच लेथवर ड्रमच्या मापात घासून घ्या. जुना लायनर ॲस्बेस्टॉसचा असू शकतो, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. एक मात्र आहे, हा ब्रेक उलट्या दिशेला जवळजवळ लागतच नाही, ताम्हिणीत चढावर थांबलात तर मागच्या ब्रेकवर पाय ठेवा.

प्रश्न: माझ्या 1983 च्या राजदूतला ती व्हिंटेजची व्हीए नंबर प्लेट मिळेल का? (ठाणे)

उत्तर: आत्ता नाही. 2021 च्या नियमाप्रमाणं गाडी 50 वर्षांहून जुनी लागते, म्हणजे तुमची 2033 मध्ये पात्र होईल, तेही चेसिस-बॉडीत मोठा बदल केलेला नसेल तर. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आणि ती घेतली की रोज ऑफिसला नेता येत नाही बरं का. तोवर साधी नोंदणी दर पाच वर्षांनी रिन्यू करत राहा, आणि काढलेला स्टॉक सायलेन्सर भंगारात देऊ नका, पासिंगला तोच लावून न्यावा लागेल.