चढाला गाडी ओढत नाही, रिव्हर्सला खरखर होते: पूर्ण क्लच सेट बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की पन्हाळ्याच्या चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. रिव्हर्स टाकताना खरखर होते. आणि गॅरेजवाल्यांनी बघताक्षणी ‘सेट बदला’ (म्हणजे क्लचचे आतले सगळे भाग एकदम बदला) सांगितलं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचंच काम करतो. गिअरबॉक्स उतरवायला देण्याआधी जरा थांबा. तुमच्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. चढाला न ओढणं म्हणजे क्लच पकडत नाही. रिव्हर्सची खरखर म्हणजे क्लच सुटत नाही. दुसऱ्या तक्रारीचं कारण तर बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतं.

आधी पकड बघा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४०-५० च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएम झपकन वाढला आणि वेग तिथंच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरला क्लच सोडायची परीक्षा मात्र सारखी करू नका, झिजलेली क्लच प्लेट (घर्षणाने पकडणारी चकती) त्यात आणखी जळते. स्लिप दिसली म्हणजे प्लेटच गेली असंही नाही. अ‍ॅडजस्ट करायची क्लच केबल असेल तर पेडलला थोडा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) लागतो. तो संपला की पाय न ठेवताही क्लच किंचित दाबलेला राहतो आणि घसरतो. केबल अ‍ॅडजस्ट करायचं काम दहा मिनिटांचं आहे, ते आधी करून घ्या.

आता रिव्हर्स. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून देणारी रिंग) नसतो, त्यामुळे घाईत टाकला तर चांगल्या क्लचलाही खरखर होते. गाडी पूर्ण थांबवा, पेडल तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा, मग टाका. तरीही खरखरला, पण इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, तर क्लच सुटत नाही हे नक्की. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडत असेल तर हायड्रॉलिकमध्ये (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये) हवा शिरलीय किंवा मास्टर (पेडलकडचा) नाहीतर स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडर गळतोय. पेडलजवळची मॅट उचलून ओल आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच टाकीतून येतं, म्हणून लेव्हल उतरत असेल तर एक दिवसही थांबू नका.

आवाजाचं थोडक्यात: पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), न्यूट्रलला येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

आपल्याकडे प्लेट लवकर जाण्याचं मोठं कारण म्हणजे हाफ क्लच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं रांगत जाताना किंवा जोतिबाच्या चढाला गर्दीत अडकल्यावर लोक क्लचवरच गाडी धरून ठेवतात. तिथं हँडब्रेक लावा, पाय पेडलवरून काढा.

एवढं करूनही स्लिप राहिली, तर मात्र सेट बदलाच. प्लेट, प्रेशर प्लेट (प्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग एकदमच घाला, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा द्यायची नाही. फ्लायव्हीलवर (इंजिनाची जड चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) निळे डाग किंवा चरे आहेत का दाखवायला सांगा. जुनी प्लेट हातात घेऊन बघा. ती तेलकट असेल तर क्रँकचं मागचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतंय. ते त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर नवी प्लेटही तशीच घसरायला लागेल.