वह्यांच्या कडा आणि पुढची वाट

प्रश्न : मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेआधी मैत्रिणीने तिची एकाग्रतेची गोळी दिली. पहाटेपर्यंत खुर्ची सोडली नाही, पण अभ्यास सोडून वह्यांना रंगीत कडा आखत बसले! तेव्हापासून मेंदूतली रसायनं माणसाला कशी वागायला लावतात, हाच विषय शिकावासा वाटतोय. मानसशास्त्र घेऊ की फार्मसी?

उत्तर : आधी ओरडा खा. दुसऱ्याला लिहून दिलेली गोळी पुन्हा घेऊ नकोस. अशा गोळ्यांनी रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात, म्हणूनच डॉक्टर तपासून डोस ठरवतात.

आता त्या कडा. तुझ्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. एकाग्रतेच्या गोळीतलं मिथाइलफेनिडेटसारखं औषध डोपामिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारं एक रसायन, पेशीत परत ओढलं जाण्याची वाट अडवतं, त्यामुळे ते दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ रेंगाळतं. अशाच गोळ्यांतलं दुसरं औषध, अँफेटामिन, तर ते पेशीतून बाहेर ढकलतंच. डोपामिनला सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हणतात, ते मला खटकतं. 'याच्या मागे लाग' हा धोशा लावणं, हे त्याचं मोठं काम. कशाच्या मागे लागायचं, ते काही गोळी ठरवत नाही. तुझ्या हाताशी स्केचपेन होते.

स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांचा 1957 सालचा प्रयोग वाच. सशांना रेसर्पिन, म्हणजे मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करणारं औषध, दिल्यावर ते जागच्या जागी गळून बसले. मग एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते द्रव्य, टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. पुढे 2000 साली कार्लसन नोबेलचे मानकरी झाले. वाचताना तुझं मन कुठे अडकतं ते बघ. एल-डोपा पेशीत शिरून काय करतं, याची ओढ वाटली तर फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात काय करतात याचं शास्त्र. फार्मसी त्याला जवळची, पण तिथे औषध बनवणं आणि पुरवणं यावर बराच भर असतो. रुग्णच डोळ्यांपुढे आला तर वैद्यकीय पदवी आणि मग मनोविकारशास्त्र. ही वाट सर्वांत लांब.

पण तू कडांबद्दल लिहिलंस, म्हणजे तुझी नजर वागण्यावर आहे. माझा कौल जीवशास्त्रासह मानसशास्त्राला, पुढे न्यूरोसायन्सला, म्हणजे मेंदूच्या शास्त्राला. गणितातून मात्र सुटका नाही. संख्याशास्त्र पहिल्या वर्षापासून मानगुटीवर बसेल. प्रवेशाआधी एवढं विचारून घे : विभागात वर्तनाचे प्रयोग विद्यार्थ्यांना स्वतः करायला मिळतात, की फक्त फळ्यावर शिकवतात?