लाईट गेली, तरी वाचन चालूच

ताई, नमस्कार.
माझी मुलगी दुसरीत आहे. मराठी माध्यम, सेमी. तिच्या वाचनावरून आमच्या घरात रोज तोंडं वाजतात. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचं म्हणणं, मुळाक्षरं आणि बाराखडी पक्की करून घेतली की मूल आपोआप वाचतं, त्यांनी जन्मभर तसंच शिकवलं. शाळेत मात्र आधी गोष्ट, मग वाक्य, मग शब्द आणि शेवटी अक्षर असं शिकवतात. सासूबाई म्हणतात, हे म्हणजे घोड्याच्या आधी गाडी. आता पालकसभेत मॅडम म्हणाल्या की मुलगी वाचनात मागे आहे. मला हे पटत नाही. घरी मी एकदा धडा वाचून दाखवते आणि मग ती घडाघडा वाचते. परवा तर वाचताना लाईट गेली, तरी पठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत थांबली नाही, इतकी गोडी आहे तिला! माझी बहीण म्हणते, इंग्रजी माध्यमात घाल, तिथे फोनिक्सने, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवतात, शास्त्रशुद्ध असतं. नवरा म्हणतो, तुम्ही बायका बघून घ्या. कुणाची पद्धत बरोबर? शाळा बदलू का? आणि सासूबाईंना न दुखवता कसं सांगू?
एक गोंधळलेली आई, सातारा

अगं, अंधारात कुणी वाचत नाही.

सासूबाई, मॅडम, बहीण, नवरा, सगळ्यांची बाजू तू सविस्तर मांडलीस आणि जे खरं महत्त्वाचं होतं ते उद्गारचिन्ह लावून कौतुकात उडवून दिलंस. लाईट गेली आणि धडा चालू राहिला, याचा अर्थ लाईट होती तेव्हाही तो पुस्तकातून येत नव्हता. तुझ्या लेकीला धडा पाठ आहे. तू एकदा वाचून दाखवतेस, ती कान देऊन ऐकते आणि तुझे शब्द तुझ्याच चढउतारांसकट तुला परत देते. बोट ओळीवरून फिरत असेल, पानही योग्य वेळी उलटत असेल. रामरक्षा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला संस्कृत येतं, असं आपण म्हणतो का?

एवढ्याशा पोरीने काय सोय लावलीय बघ. तिला वाचता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक असणार. घरात तिच्यावरून भांडणं होतात, हेही ती ऐकते. मग तिने स्वतःकडचं सगळ्यात चांगलं हत्यार काढलं: कान. एकदा ऐकून अख्खा धडा लक्षात ठेवणारी मुलगी मठ्ठ नाही, चांगली हुशार आहे. पण रोज संध्याकाळी तुम्हाला खूश करण्यासाठी ती जी मेहनत घेतेय, तिचा वाचनाशी काडीचा संबंध नाही. तिसरीत गेल्यावर धडे लांब होतील, परिसर अभ्यासाचं पुस्तक येईल, गणितात शाब्दिक उदाहरणं येतील, आणि मग कान पुरणार नाही.

मॅडमचं तुला पटत नाही म्हणतेस. सगळ्या प्रकरणात ज्या एका बाईंनी मुलीकडे नीट पाहिलं, त्यांचंच तुला पटत नाही. याचा मला थोडा रागच आला.

सासूबाईंनी मात्र लगेच ‘मी म्हणत नव्हते?’ म्हणू नये. त्यांची बाराखडीही कानावरच चाललीय का, हे आज तपासून बघ. लेकीला मध्येच विचार, ‘कु कसा लिहायचा?’ ती जर ओठांतल्या ओठांत क, का, कि, की असं म्हणत, बोटं मोजत कु पर्यंत पोचली, तर तिला बाराखडीची चाल येते, बाराखडी येत नाही. वर्गात ही मुलं नेहमी दिसतात. पहिल्यापासून म्हणायला सांगा, चूक काढता येणार नाही. मधलंच अक्षर फळ्यावर लिहा, गाडी बंद.

आपली वर्णमाला सुंदर आहे यात वाद नाही. क घशाशी, मग च टाळूशी, ट, त असं पुढे सरकत प ओठांवर येतो. तोंडात ध्वनी कुठे तयार होतो, त्या क्रमाने ती लावलेली आहे. व्याकरण करणाऱ्यांनी केलेली ती मांडणी आहे. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवण्यासाठी तो क्रम कुणी लावला नव्हता. त्या क्रमाने गेलं तर पोराला पहिला शब्द वाचायच्या आधीच ङ आणि ञ घोटावे लागतात, जे त्याच्या पुस्तकात शोधूनही सापडायचे नाहीत. चौतीस व्यंजनांना बारा खड्या लावल्या की चारशेच्या वर आकार होतात. ते सगळे पक्के झाल्यावर मग वाचन, असं ठरवलं तर मूल कंटाळून मोठं होतं.

म्हणून तर आपल्याकडे ज्यांनी या विषयात खोल काम केलं, त्यांनी दुसरी वाट काढली. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी, मूळच्या अमेरिकन असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी, मराठी वाचन कसं शिकवावं याचा अनेक वर्षं विचार केला. त्यांच्या पुढाकाराने तिथे 1986 साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. आजचे शिक्षक ज्याला अक्षरगट म्हणतात ती गोष्ट साधी आहे: चार-पाच अक्षरं घ्या, सोबत एक-दोन मात्रा घ्या आणि लगेच त्यांचे शब्द वाचा. पुढच्या गटात आणखी चार. मूल पहिल्याच आठवड्यात काहीतरी खरंखुरं वाचतं.

माझं मत विचारशील तर अक्षर आणि त्याचा आवाज हे मुलाला उघडउघड शिकवावंच लागतं. ते आपोआप उमलत नाही. गोष्टीपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही, पण गोष्टीवरून वाक्यावर, वाक्यावरून शब्दावर आलेली गाडी अक्षरावर उतरलीच पाहिजे. पुष्कळ वर्गांत ती शब्दावरच थांबते आणि चित्र बघून अंदाज करणं यालाच वाचन म्हटलं जातं. अमेरिकेत यावरून मोठी भांडणं झाली. चित्र बघ, पहिलं अक्षर बघ आणि शब्द काय असेल ते ओळख, असं तिथल्या शाळा वर्षानुवर्षं शिकवत होत्या. 2000 साली नॅशनल रीडिंग पॅनेल या तिथल्या तज्ज्ञांच्या समितीने झालेले अभ्यास एकत्र करून सांगितलं की अक्षर-आवाजाचं नातं पद्धतशीर शिकवलं की मुलं जास्त चांगलं वाचतात. तरी अंदाजपंचे शिकवणं चालूच होतं. आता आता कुठे तिथल्या बऱ्याच राज्यांनी कायदे करून त्याला चाप लावलाय.

बहिणीच्या फोनिक्सबद्दल दोनच वाक्यं. ते इंग्रजीचं दुखणं आहे, कारण तिथे अक्षराचं नाव ‘एस’ आणि आवाज ‘स’. आपल्याकडे क चं नावही क आणि आवाजही क.

मराठीत पोरं अडतात ती निराळ्याच जागी. ‘दिवस’मधली वेलांटी डोळ्याला द च्या आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. म आणि भ, घ आणि ध, ब आणि व एकमेकांसारखे दिसतात. र तर बहुरूपीच: रस, सूर्य, चक्र, ट्रक, तऱ्हा, प्रत्येक ठिकाणी वेगळा. तुझी लेक यातल्या नेमक्या कुठल्या जागी अडते, हे तुम्हा तिघींपैकी मॅडम सोडून कुणाला माहीत आहे? तुम्ही पद्धतींवरून भांडताय आणि मुलीला कुठली अक्षरं येतात हे घरात कुणाला सांगता येत नाही.

तर आता काय करायचं ते ऐक. पर्याय देत नाही, हेच करायचं.

इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या वयाच्या मुलांची एक छोटी चाचणी होते. चाळीस शब्द वाचायचे. त्यातले वीस खरे आणि वीस साफ खोटे, ज्यांना काही अर्थच नाही. खोट्या शब्दाशेजारी एका विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळावं की हे कुणाचं तरी नाव आहे. यात पाठांतर चालत नाही, अंदाजही चालत नाही. जे लिहिलंय ते वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

हेच आपण घरी करायचं, भुतांच्या नावांनी. आज रात्री जेवणं झाल्यावर एक कोरा कागद घे. ब, क, ल, ट एवढीच अक्षरं, सोबत काना, दीर्घ वेलांटी आणि उकार. त्यांची भुतं कर: बटाकू, लुकटा, टीबला. नाव लिही, खाली दोन शिंगं आणि सुळे काढ, कागद तिच्यासमोर सरकव आणि तोंड बंद ठेव. तू उच्चारायचं नाहीस. पहिलं अक्षरसुद्धा सुचवायचं नाहीस. बटाकूला ती ‘बटाटा’ म्हणाली किंवा लुकटाला ‘लुकडा’, तर ती सुरुवात बघून अंदाज मारते. बटाकूचं ‘बटाक’ केलं तर उकार पक्का नाही. टीबला ‘टबला’ झाला तर वेलांटी. चुकली तर हसायचं नाही आणि ‘नीट बघ’ असं खेकसायचंही नाही. ज्या अक्षरावर घसरली त्यावर बोट ठेवायचं आणि थांबायचं. न जमल्यास आवाज सांगायचा आणि त्याच अक्षराचं आणखी एक भूत करायचं.

दहा मिनिटं पुरे. मग पाळी उलटी: ती भुताचं नाव लिहील आणि मोठ्यांनी वाचायचं. तिने ‘टकीलू’ लिहायला जाऊन ‘टकलू’ लिहिलं तर तुम्ही मोठ्याने ‘टकलू’च वाचायचं. आपल्या हातून सुटलेली वेलांटी तिला स्वतःच्या कानाने ऐकू येईल, आणि घरातल्या कुणाचं टक्कल असेल तर हशा पिकेल तो वेगळा. हळूहळू अक्षरं वाढव. म आणि भ मात्र एकाच दिवशी नवीन म्हणून आणू नकोस. जोडाक्षरांची भुतं दिवाळीनंतर.

पहिली रात्र झाली की हे काम तू करू नकोस, सासूबाईंना दे. त्यांना न दुखवता काय सांगू, असं विचारतेस. काही सांगूच नकोस. ज्या बाईने जन्मभर पहिली-दुसरी शिकवली, तिच्या हातात कागद-पेन्सिल दे आणि म्हण, ‘आई, हिला नेमकी कुठली अक्षरं येत नाहीत ते मला सांगा.’ तीन दिवसांत त्या तुला चोख सांगतील, माझ्यापेक्षा कितीतरी नीट. बाराखडी की वाक्य हा वाद त्यांना आवडतो, कारण घरात आता त्यांच्या शिकवण्याची दुसरी काही विचारपूस होत नाही. तू पत्रात सासूबाईंच्या मताबद्दल एवढं लिहिलंस, पण त्यांना शिकवायला बसवलंस असं एकाही ओळीत नाही.

धडा आधी वाचून दाखवणं आजपासून बंद. गोष्टी जरूर वाचून दाखव, रात्री झोपताना, हव्या तेवढ्या, ते ऐकण्याचं सुख आहे आणि ते तिचं हक्काचं आहे. पण त्याला वाचनाचा सराव म्हणू नकोस. सराव म्हणजे जो मजकूर तिने आधी कधी ऐकलेला नाही तो. ‘असर’ ही मुलांना वाचन-गणित किती येतं ते बघणारी देशभरची पाहणी, ती करणारे कार्यकर्ते गावोगावी घरी येतात तेव्हा मुलाला शाळेचं पुस्तक काढायला सांगत नाहीत. आपला कागद पुढे करतात. त्यावर सुटी अक्षरं, सुटे शब्द, एक छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम सत्तावीस टक्के मुलं ती दुसरीची गोष्ट वाचू शकली. बाकीच्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी ‘आमचं पोरगं धडा घडाघडा वाचतं’ असंच म्हणत असतील. म्हणून तुझ्या लेकीबद्दल फार घाबरूही नकोस. ती एकटी नाही, आणि ती दुसरीतच आहे. या वयात हे भरून येतं, लक्ष दिलं तर लवकर येतं.

शाळा बदलायचं डोक्यातून काढ. जिथे तिची अडचण ओळखणाऱ्या बाई आहेत ती शाळा सोडून, जिथे तिची भाषाही कच्ची आणि लिपीही कच्ची अशा ठिकाणी नेऊन बसवणार? तिथेही ती आधी काय करेल? ऐकेल आणि पाठ करेल.

आणि नवऱ्याला सांग, भुतांची चित्रं काढायचं काम त्याचं. ‘तुम्ही बायका’ वगैरे नंतर.

सोमवारी शाळेत जा. या खेपेला तक्रार नको, वही-पेन घेऊन जा आणि मॅडमना एवढंच विचार की हिची कुठली अक्षरं आणि कुठल्या मात्रा कच्च्या आहेत. त्यांच्याकडे यादी तयार असणार. ती उतरवून घे आणि घरी आल्यावर सासूबाईंच्या हातात दे.