नगावर मोजायचं नाही

प्रिय लेकीस,

तू विचारलंस, "2024 च्या नाताळच्या सुट्टीत आपण सांगलीला होतो, तेव्हा 26 तारखेला आजीकडं तीस-पस्तीस माणसं जेवली. आजीनं कुणालाच 'तू काय खाणार' असं विचारलं नाही, तरी काही कमी पडलं नाही. आपल्याकडं असंच असतं का? यंदा बॉक्सिंग डेला, म्हणजे 26 डिसेंबरला, इथं परदेशात माझ्याकडं अठराजण येणार आहेत, मी काय करू?"

असंच असतं. पण आजीनं विचारलं नाही याचं कारण वेगळं आहे. तिला आधीच सगळं ठाऊक होतं. मोठ्या काकांना साखर आहे, पुण्याच्या वहिनी गुरुवारी लसूणसुद्धा खात नाहीत, तुझ्या आत्तेभावाला शेंगदाणा चालत नाही. कांदा-लसणाची फोडणी व्हायच्या आधी तिनं एक डेचकी बाजूला काढली होती, बघितलीस का? बारक्या पोरांचं आणि वहिनींचं त्यातलं. तुला तुझ्या मैत्रिणींचं एवढं ठाऊक नाही, म्हणून तू विचार. आवडीनिवडी विचारू नकोस, नाहीतर अठरा तऱ्हा निघतील. कुणाला काय सोसत नाही तेवढंच विचार.

त्या दिवशी मटण का नव्हतं, हेही तू तेव्हा विचारलं होतंस आणि गडबडीत उत्तर राहून गेलं. तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. संध्याकाळी घट मांडलेला, उद्यापन, सवाष्णींना हळदीकुंकू. त्या महिन्यात आजीच्या घरी सामिष शिजतच नाही. 30 तारखेला सोमवती अमावास्या झाली, महिना संपला आणि 31 ला काकांनी सकाळी सकाळी मटणाची पिशवी आणली. तुला वाटलं नवीन वर्षाची पार्टी! नाताळ आणि मार्गशीर्ष दर वर्षी असे गाठ पडतात असं नाही. 2025 ला मार्गशीर्ष नाताळच्या आधीच आटोपला.

आता स्वयंपाकाचं. आजीचा नियम एकच: माणसं जास्त असली की नगावर मोजायचा पदार्थ करायचा नाही. पुऱ्या, वडे, कटलेट, गुलाबजाम केले की कुणी किती घेतले याचा हिशेब सुरू होतो, आणि करणारी बाई कढईपुढून हलत नाही. पळीनं वाढायचं तेच करायचं. पाच माणसं अचानक वाढली तर आधणाचं पाणी, थोडं मीठ, चमचाभर कांदा-लसूण चटणी (आपला तिखट मसाला), एक उकळी, झालं. गार पाणी मात्र कधीही नाही, चव तिथंच मरते.

म्हणून त्या दिवशी अख्खा मसूर होता. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर लोक खास यासाठी थांबतात, आणि घरात तो आजीसारख्यांच्या हातात गर्दीचं जेवण होऊन बसला. मसूर राजम्यासारखा रात्रभर भिजवावा लागत नाही, दोन तास पुरतात. माणशी साधारण साठ-सत्तर ग्रॅम कोरडा धर. अठराजणांना सव्वा किलो झाला. तुझ्याकडच्या दुकानात सालासकट तपकिरी मसूर मिळतो तोच घे, लाल डाळ घेशील तर वरण होईल. दाणा मऊ व्हावा पण फुटू नये, म्हणून कुकरच्या शिट्ट्यांच्या भरवशावर सोडू नकोस, पातेल्यात उघडा शिजव. कांदा भरपूर, बारीक चिरून तेलावर तांबूस होईपर्यंत. मग आलं-लसूण, टोमॅटो, कांदा-लसूण चटणी, तेल सुटेपर्यंत परतायचं, मग मसूर त्याच्याच पाण्यासकट. वरून कोथिंबीर. चारजणांचं करतेस त्याच्या साडेचारपट मसूर घेशील, पण मीठ-तिखट तितक्या पटीत घालू नकोस. तिप्पट घाल, उकळी येऊ दे, चाख, मग वाढव. जास्त पडलेलं काढता येत नाही. आणि मोठ्या पातेल्याखाली तवा ठेव, नाहीतर बूड लागतं.

भाकरी तुझ्या घरी करायच्या नाहीत. अगं, आजीनंसुद्धा केल्या नव्हत्या! ती भली मोठी बुट्टी पोळी-भाकरी केंद्रातून आली होती. भाकरी हा नगावरचा पदार्थ, तिचा नियम मोडणारा, म्हणून तो तिनं सरळ बाहेर दिला. शिवाय इकडं मिळणाऱ्या ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असते, थापताना कडा फाटतात. तू पाव आण आणि दीड किलो तांदळाचा भात लाव. पाव 24 तारखेलाच घेऊन ठेव, 25 ला मोठी दुकानं बंदच असतात.

तुझ्या त्या मैत्रिणीला गहू चालत नाही ना? मसूर-भाताला अडचण नाही, पण हिंगाची डबी वाचून बघ. बाजारातल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. कांदा-लसूण चटणीत तीळ असतात, तेही सांगून ठेव.

कुणाच्या घरची उरलेली टर्की घेऊन येणार असतील तर रस्सा आधी वेगळा उकळून घे, टर्की अगदी शेवटी तोडून टाक आणि चांगली वाफ येईपर्यंतच ठेव. ती एकदा शिजलेलीच असते, पुन्हा रटरटवलीस तर चोथा होतो. एकदा गरम केलेलं पुन्हा उद्यासाठी ठेवू नकोस. भाताचंही सांगतो: आजी रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकते. तू उरलेला परातीत पसरून तासाभरात गार कर, फ्रिजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी संपव.

गोडाला काही करू नकोस. सांगलीत त्या दिवशी द्राक्षं आणि बेदाणे होते, कुणाची तक्रार नव्हती. तोंडी लावायला कांदा, लिंबू, दही. बस.

एक मात्र आजीकडचं उचलू नकोस. पोरं आधी, मग पुरुष, आणि बायका तीन वाजता. मला ते कधीच पटलं नाही, आणि त्या दिवशी आत्यानं काकांच्या हातात वाढायला ओगराळं दिलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. तू पातेलं ओट्यावरच ठेव, ज्यानं त्यानं घ्यावं. कांदे चिरायला दोघांना तासभर आधी बोलाव. अठरा माणसांचे कांदे म्हणजे दीड किलो तरी होतात, ते एकटीनं चिरायचे नाहीत.

आजीनं दिलेल्या चटणीतली अर्धी तुला पोस्टानं पाठवतो आहे, दोन पिशव्यांत बांधून. आली की पिशवी लगेच डब्यात काढ, नाहीतर तुझं कपाट आठवडाभर वास मारेल. पातेलं लहान पडत असेल तर आधी सांग, आमचं मोठं शनिवारी गाडीतून आणून देतो.

तुझा,
बाबा