'शतपावली' हा शब्द कुठून आला? यातली 'पावली' म्हणजे चार आण्यांचं नाणं का?

नाही, इथली पावली म्हणजे पाऊल. मराठीत 'पाऊल'ला प्रत्यय लागला की ऊ-चा व होतो: पाऊल–पावलाने, देऊळ–देवळात, राऊळ–रावळात. म्हणून 'शतपाऊली' असं लिहू नये.

शंभर पावलांचा समूह ती शतपावली. समास द्विगू, पंचवटी किंवा सप्तपदीसारखा, शब्द स्त्रीलिंगी. गंमत अशी की 'शत' जसाच्या तसा संस्कृत आणि 'पावली' घरची मराठी. अख्खा शब्द संस्कृतातच ठेवला असता तर 'शतपदी' झाला असता, पण संस्कृतात शतपदी म्हणजे गोम!

नाण्याची शंका मात्र अगदीच चुकीची नाही. संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. जनावराच्या चार पायांतला एक, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्साही. त्यातूनच पाव, पावशेर आणि रुपयाची चौथाई ती पावली. दोन्ही पावल्यांचं मूळ एकच. (खायचा पाव वेगळा, तो पोर्तुगीजांकडून आला.)

कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागात म्हटलंय, 'ततः पादशतं गत्वा वामपार्श्वेन संविशेत्'. यातला 'ततः' (म्हणजे 'त्यानंतर') महत्त्वाचा. त्याआधीची ओळ सांगते की जेवल्यावर जडपणा उतरेपर्यंत राजासारखं स्वस्थ बसावं. मग शंभर पावलं, मग डाव्या कुशीवर आडवं व्हावं. हात धुतल्या धुतल्या तरातरा चालत सुटणं ही शतपावली नव्हे. पोट भरलेलं असताना जोरात चाललं की कुशीत कळ येते.

शंभर पावलं म्हणजे रमतगमत चालून साठेक मीटर, दीड-दोन मिनिटं. दहा फुटांच्या गॅलरीत एका बाजूला साधारण पाच पावलं पडतात, म्हणजे जाऊन-येऊन दहा फेऱ्या. अर्थात आज कुणी मोजत नाही. अंगणात दहा मिनिटं चाललं तरी ती शतपावलीच.

वापरताना घोळ होतो तो इथे: शतपावली जेवणानंतरचीच, बहुतेकदा रात्रीच्या. सकाळी बागेत मारतात तो फेरफटका. दवाखान्याच्या दाराशी काळजीने माणूस घालतो त्या येरझारा. काम न होता पाय दुखतात ती पायपीट. क्रियापद 'करणे' किंवा 'घालणे', दोन्ही चालतात: 'आजोबा शतपावली घालतायत.'